तुम्ही विचारलंत म्हणून

माननीय संस्थाध्यक्ष महोदय,

मानधनाची थकलेली बिलं मागायला आम्ही सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, आपल्या दालनात आलो, तेव्हा आपण म्हणालात, "परवडत नव्हतं तर या क्षेत्रात यायला सांगितलं कुणी?" ते वाक्य जिव्हारी लागलं आहे. म्हणून सर्वांसमक्ष उत्तर देते.

एम.ए.ला असताना आमचे सर आम्हाला पुण्याच्या पुराभिलेखागारात घेऊन गेले होते. पेशवे दफ्तरातला कागदांचा एक रुमाल सोडला आणि मोडीतली एक ओळ लागेपर्यंत अख्खी दुपार आमच्याशेजारी बसून राहिले. एका गावाच्या वसूलमाफीचा कागद होता. माफी मिळूनही गाव ओस का पडलं, असं मी विचारलं. "मला माहीत नाही. तू शोध," सर म्हणाले. इतक्या विश्वासाने मला तोवर कुणी काही सोपवलं नव्हतं. दरमहा पगाराचीही ओढ होतीच. शेतकऱ्याच्या घरात ती असणारच. पण मी या वाटेला लागले ते त्या दुपारमुळे.

पुढे नेट झाले, पीएच.डी. केली. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. यूजीसीने २०१९ साली अतिथी अध्यापकासाठी व्याख्यानामागे १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले. आमच्या हाती त्यातलं किती पडतं, ते आपल्या लेखा विभागाला ठाऊक आहे. मुलाखतीआधी जागेचा भाव ज्यांनी मला सांगितला, त्यांनाही आपण ओळखता.

पण खरं दुखणं पैशांच्या पलीकडचं आहे. पोट भरायला दोन गावांतल्या दोन महाविद्यालयांत तास घ्यावे लागतात. परवा एक मुलगी एसटी स्टँडपर्यंत माझ्यामागे आली. इसवी सन काढायला शुहूर सनात ५९९ मिळवायचे की ६००, हे तिला समजून घ्यायचं होतं. "मृगाला वर्ष बदलतं, त्यावर ठरतं," एवढंच सांगून मला गाडीत चढावं लागलं. तिच्या वहीत आणखी प्रश्न लिहिलेले दिसत होते. ही मुलगी संशोधनाकडे वळावी असं मला मनापासून वाटतं, अध्यक्ष महोदय. पण तिला द्यायला माझ्याकडे दुपार नाही. ती आपण तासातासाने विकत घेता, आणि त्याचेही पैसे थकवता.

रिकाम्या जागा कधी भरणार आणि आमची बिलं कोणत्या तारखेला निघणार, हे आम्हाला लेखी कळवावं.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका