पन्नास रुपयांची कडक शिस्त

जनावरांची निगा आणि पोटात जाणारं अन्न, या दोन्ही बाबतींत राज्यांना कायदे करू द्यायचेच कशाला, असं म्हणणारा एक पक्ष अलीकडे बराच बोलका झाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राज्यातले पुढारी मतांना भुलतात, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, म्हटला की मान तुकवतात, दिल्ली लांब आहे, म्हणून तिला भीड नाही, एका देशातल्या बैलांना एक कायदा पुरे. यांच्यापैकी कितीजणांनी पटाच्या दिवशी मैदानावर धूळ खाल्ली असेल, हे न विचारलेलं बरं.

‘केंद्राचा कायदा तो कडक’ हा या पक्षाचा मुख्य आधार. तोच पोकळ आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा केंद्रीय कायदा काढावा आणि कलम 11 वाचावं. बैलाला बेदम मारलं, कुवतीबाहेर पळवलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड किमान 10 रुपये, जास्तीत जास्त 50. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर 25 ते 100 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इकडे पटाच्या नावाजलेल्या जोडीचा सौदा लाखांत होतो. तुतारीची आर बैलाच्या पुठ्ठ्यात रुतवून सेकंदाचा दहावा हिस्सा वाचवणाऱ्या धुरकऱ्याला दिल्लीचा धाक केवढा, तर दोन प्लेट आलुबोंड्यांएवढा. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या, त्याच निकालात दंड वाढवण्याची अपेक्षा संसदेकडून व्यक्त केली. 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने याच विषयावर निकाल दिला, तेव्हाही पन्नासाचे पन्नासच होते.

आता ‘ढिल्या’ महाराष्ट्राकडे पाहा. 2017 च्या दुरुस्तीने राज्याने पटाला वाट करून दिली, हे खरंच. पण त्याच दुरुस्तीत, शर्यतीत जनावराला वेदना दिल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असंही लिहिलं. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, हजार मीटरच्या आतली धाव. काठी, चाबूक, विजेचा झटका बंद. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यती रोखल्या, त्या डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात पट थांबले का? पहाटे, आडरानात, चोरून होत राहिले, आणि तिथे दाखला द्यायला पशुवैद्यक कुठून येणार!

शिवाय ही दुरुस्ती राज्याने परस्पर केलेली नाही. प्राण्यांवरची क्रूरता रोखणं हा समवर्ती सूचीतला विषय. घटनेच्या कलम 254 नुसार केंद्राच्या कायद्याशी विसंगत असा कायदा राज्याला टिकवायचा असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते. महाराष्ट्राने ती घेतली. म्हणजे सही दिल्लीचीच आहे. तामिळनाडूचा 2009 चा कायदा केंद्राच्या कायद्याशी जुळत नाही म्हणून 2014 मध्ये रद्द ठरला. कासरा दिल्लीच्या हातात आहेच. मग आणखी काय हवं आहे?

गुटख्याचं म्हणाल, तर केंद्राचा अन्नसुरक्षा कायदा राज्याच्या आयुक्ताला एका वेळी वर्षभराचीच बंदी घालू देतो, म्हणून महाराष्ट्रात 2012 पासून दरवर्षी नवा आदेश काढावा लागतो. गुरांच्या बाजाराचे नियम मे 2017 मध्ये दिल्लीने एका झटक्यात काढले. जुलैत ते देशभर स्थगित झाले होते. अमेरिकेत डुकरांना किमान जागा देण्याचा कॅलिफोर्नियाचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या घटनापीठाच्या निकालाच्या बरोबर एक आठवडा आधी, 11 मे 2023 रोजी, उचलून धरला. त्यानंतर तो केंद्रीय कायद्याने निष्प्रभ करण्याची खटपट तिथेही सुरू झाली. युक्तिवाद हाच, फक्त बैलाच्या जागी डुक्कर.

यवतमाळकरांना मात्र हा वाद पटाच्या मैदानापुरता वाटणार नाही. 2017 च्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप घेऊन तासात शिरलेल्या मजुराच्या तोंडावर, डोळ्यांत फवारा उडत होता. दिसणं अंधुक होऊन, उलट्या होऊन माणसं रुग्णालयात येऊ लागली. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो बाधित झाले. राज्याने पाच कीटकनाशकांवर बंदी घातली, 60 दिवसांची. कारण 1968 च्या केंद्रीय कीटकनाशक कायद्याचं कलम 27 त्याहून जास्त देत नाही. चौकशी लांबली तर आणखी फार तर 30. बंदी 1 जुलैला घातली, तरी हे नव्वद दिवस सप्टेंबरअखेर संपतात. पऱ्हाटीवर पंप ऑक्टोबरातही चालतो. औषधाची नोंदणी द्यायची की काढायची, हे ठरवणार केंद्र. माणूस मरणार आर्णीच्या, घाटंजीच्या शिवारात. लांबून पाहणाऱ्याला भीड नसते म्हणतात. इथे त्याला घाईही नव्हती.

मग व्हावं काय? किमान मर्यादा केंद्राने आखावी आणि तिच्याहून कडक होण्याची मुभा राज्याला द्यावी. सवलत द्यायची असेल, तर आजच्यासारखी राष्ट्रपतींची संमती लागावी. विषबाधेचा पुरावा समोर असेल, तर सुनावणी घेऊन कायमची बंदी घालण्याचा अधिकार राज्याला असावा. पटाच्या मैदानावर पशुवैद्यक दिवसभर थांबतो की दाखल्यावर सही करून जातो, याची हमी या मांडणीतही मिळत नाही. ते काम तालुक्याच्या पातळीवरच पाहावं लागेल. राज्याचे अधिकार काढून घेऊ पाहणाऱ्यांनी आधी कलम 11 चा दंड आणि कलम 27 चे दिवस वाढवून आणावेत, आणि मग पुढच्या हंगामात यवतमाळला येऊन आपली बाजू मांडावी.