चंदन कोणता, वंदन कोणता?

साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांचे सरळ दोन गट पडतात. एक मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजतो. दुसरा वर पोहोचला की दम खात समोरचे डोंगर ओळखत बसतो. सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर यांबद्दल दुमत नसतं. चंदन-वंदनची जोडी दिसली की मात्र जुंपते. ‘उंच तो वंदन’ असं एकानं ठासून सांगावं आणि दुसऱ्यानं धुक्याकडे बोट दाखवून निकाल उद्यावर ढकलावा, हे ठरलेलं.

बाहेरच्याला हा रिकामटेकडेपणा वाटेल. वाटो. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० औरंगजेब याच किल्ल्याला वेढा घालून बसला होता. आत अडकलेल्या शिबंदीला आजूबाजूचा कोणता डोंगर आपला, कोणता शत्रूचा, हे बघूनच दिवस काढावे लागले असणार. चंदन-वंदनवर भांडणारा सातारकर नकळत तोच धडा गिरवतो. पावलं मोजणाऱ्याच्या हाती काय लागतं? दिवसाला १० हजार पावलांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या यंत्रानं रुजवला. तो विक्रीसाठी निवडलेला गोल आकडा होता, वैद्यकातून निघालेला नव्हे. चालणं चांगलंच; त्या आकड्यापायी मान खाली घालून चालणं कशाला?

सांगलीत मोजमाप फुटांचं.

कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९चा. पावसाळ्यात सकाळी फिरायला निघालेल्याचे पाय आपसूक तिकडे वळतात. शाळेत मीटर शिकलेली पोरंही पाणी ‘किती फुटांवर आलंय’ तेच विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, हे पाढ्यासारखं पाठ. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून पुलाजवळची पाणीपातळीची पट्टी वाचणं हा नुसता छंद उरलेला नाही. तरी चहाच्या गाड्यावर अंदाजांचा खेळ रंगतोच: कोयनेतून किती सोडलं, कऱ्हाडला काय परिस्थिती, संध्याकाळपर्यंत किती फूट चढणार. सरकारी आकडा यायच्या आधी आपला आकडा सांगून टाकण्यात सांगलीकराला कोण आनंद!

यातली गंमत अशी, की सांगलीच्या पट्टीवर चढणारं बरंचसं पाणी सातारकराच्या डोळ्यांसमोरून आलेलं असतं. वेण्णा माहुलीला कृष्णेत येते, कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर. यवतेश्वरावरचा ढग बघून साताऱ्यात छत्री उघडते आणि खाली सांगलीत पायऱ्या बुडतात. पाऊस ओसरला की सांगलीकर हरिपूरच्या रस्त्याला, कृष्णा-वारणेच्या संगमाकडे लागतो. जिल्ह्यातल्या कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे काठावरचा ओंडका खरंच ओंडका आहे ना, हे दोनदा बघून घ्यायची सवय सुटत नाही. सुटूही नये.

अलीकडे गावोगावी गोल ट्रॅक झाले, रंगीत ओपन जिम आल्या. गुडघे दुखणाऱ्यांना त्याचा आधार आहे, हे मान्य. पण बागेत घिरट्या घालताना ना डोंगर ओळखावा लागतो, ना नदी वाचावी लागते. नगरपालिका आणि महापालिका यांनी ट्रॅक-जिमच्या निधीतला थोडा भाग वेगळा काढावा. सांगलीच्या फिरायच्या रस्त्यांवर २००५, २०१९, २०२१च्या पुराच्या खुणा ठळक रंगवाव्यात. अजिंक्यताऱ्यावर कोणत्या दिशेला कोणता गड, हे सांगणारा एक दगड बसवावा. त्यावर चंदन-वंदनची नावं तेवढी गाळावीत, म्हणजे सातारकरांचं सकाळचं भांडण चालू राहील.