शेतघरावरील कॅमेरा आणि त्याची ताबेपावती

गेल्या कांहीं वर्षांत ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही व नदीपलीकडील आरमोरी-वडसा या धानाच्या मुलखांत शेतकऱ्यांच्या घरांवर व गोठ्यांवर कॅमेरे लागलेले दिसूं लागले आहेत. त्याचें कारण उघड आहे. मुलें नोकरीसाठीं नागपूर-पुण्यास, घरीं वृद्ध मंडळी, विहिरीवरील मोटारीवर व खळ्यांतील धानाच्या पुंजण्यावर चोराची नजर, आणि जंगल तर कुंपणास लागून. अशा स्थितींत पुण्यास बसलेल्या मुलास मोबाइलवर आपलें अंगण पाहतां यावें, ही इच्छा स्वाभाविक आहे. आम्हीही ती धरली होती. तिजविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ही सोय करून घेतांना कॅमेऱ्याचा ताबा कोणाकडे जातो, हें आमचे बहुतेक शेतकरी बंधु पाहत नाहींत.

आम्हीं तहसील कचेरींत तीस वर्षें कारकुनी केली. चार गुंठ्यांचा तुकडा घेणारा मनुष्यहि ताबेपावती मागतो आणि सातबाऱ्यावर आपलें नांव चढेपर्यंत तलाठ्याची पाठ सोडीत नाहीं, हें आम्हीं रोज पाहिलें आहे. पण घरचा चौक, गोठा व दाराशीं बसलेल्या बायकामुलें ज्यांतून दिसतात तें यंत्र घेतांना तोच मनुष्य ‘चित्र दिसलें ना, मग झालें’ असें म्हणून पैसे मोजून मोकळा होतो.

दुसऱ्यास कशाला नांवें ठेवावीं? हा मूर्खपणा आम्हीं स्वतः केला आहे. दोन वर्षांपूर्वीं तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानांतून आम्हीं दोन कॅमेरे घेतले. दुकानाचा मुलगा आला, तासाभरांत तारा ओढल्या, आमच्या व चिरंजीवांच्या मोबाइलवर चित्र आणून दाखविलें आणि चहा घेऊन गेला. पुढें दोन महिन्यांनीं बाजारांत तोच मुलगा भेटला व सहज म्हणाला, ‘काकाजी, नवी म्हैस केव्हां आणली? चांगली दिसते.’ म्हैस आणून तीन दिवस झाले होते, आणि तो मुलगा त्यानंतर आमच्या गांवीं आलेला नव्हता. घरीं येऊन ही गोष्ट सांगतांच आमच्या सौभाग्यवतींनीं एक शब्द न बोलतां अंगणांतील कॅमेऱ्यावर पंचा बांधला. अंगणाच्या त्याच कोपऱ्यांत न्हाणी आहे.

चौकशीअंतीं कळलें तें असें. कॅमेऱ्याची नोंदणी त्या मुलानें स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर केली होती. म्हणजे यंत्राच्या दप्तरीं मालक तो, आणि आम्ही केवळ पाहण्याची परवानगी मिळालेले पाहुणे! त्याच्या मनांत पाप होतें असें आम्हांस वाटत नाहीं. सर्व गिऱ्हाइकांचें तो असेंच करीत असे, कारण कांहीं बिघडल्यास दुकानांत बसून दुरुस्त करतां येतें. पण घरीं कोण आहे, ढोरें किती, दाराला कुलूप केव्हां, हें सर्व गांवोगांवचें ज्ञान एका मोबाइलमध्यें सांठून राहिलें, आणि तो मोबाइल हरवला किंवा विकला गेला तर? आम्हीं त्याच्याकडून आमचे कॅमेरे त्याच्या खात्यांतून काढविले, यंत्राची कळ दाबून जुनी मांडणी पुसली, आणि चिरंजीवांच्या साह्यानें नोंदणी आमच्या क्रमांकावर नव्यानें केली. एक संध्याकाळ गेली, इतकेंच.

दूरून चित्र दिसण्याची क्रिया कशी घडते, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. त्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यांत कॅमेरा स्वतःच बाहेर जाऊन कंपनीच्या दूरच्या यंत्राशीं संधान बांधतो व आपला मोबाइल तेथूनच चित्र मागतो. यांत त्या कंपनीवर विश्वास टाकावा लागतो, पण घराचें दार उघडें राहत नाहीं. दुसऱ्यांत घरच्या राउटरमध्यें बाहेरून आंत येण्यास एक द्वार मोकळें ठेवितात. यास हे लोक पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. सिमवर चालणाऱ्या जोडणींत हा मार्ग बहुधा चालतच नाहीं, कारण तेथें शेंकडों ग्राहक बाहेरच्या एकाच पत्त्यामागें बसविलेले असतात. गांवच्या नांवाची एकच टपालथैली यावी आणि आंतील पाकिटांवर कोणाचेंच नांव नसावें, तसें होतें. तारेच्या कांहीं जोडण्यांत तो चालतो. पण त्या द्वारानें आपला चिरंजीव येतो तसा जगांतील कोणीहि येऊन कडी वाजवूं शकतो. आणि आंतील कुलपास कारखान्यांतून आलेलीच किल्ली असेल तर त्यास कडी वाजविण्याचीहि गरज नाहीं.

ही भीति काल्पनिक नव्हे. 2016 सालीं मिराई नांवाचा एक दुष्ट प्रोग्राम जगभर फिरला. त्याच्याजवळ कारखान्यांत घातलेल्या साठेक पासवर्डांची यादी होती. तेवढ्यावर त्यानें लाखों कॅमेरे व राउटर आपले गुलाम केले, आणि 21 ऑक्टोबर 2016 रोजीं त्यांच्याच जोरावर अमेरिकेंतील ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं मोठीं स्थळें कांहीं तास बंद पाडलीं. ज्यांचे कॅमेरे यांत राबले त्यांना पत्ताहि नव्हता. आपल्याकडे 2025 च्या फेब्रुवारींत राजकोटच्या एका प्रसूतिगृहांतील कॅमेऱ्यांचीं चित्रें चोरून विकलीं जात असल्याचें उघडकीस आलें. त्यानंतर 9 एप्रिल 2025 पासून सरकारनें कॅमेऱ्यांच्या निर्मात्यांवर सुरक्षिततेची तपासणी करून घेण्याचें बंधन घातलें आहे. हा नियम चांगला. परंतु कुलूप कितीहि उत्तम असलें तरी किल्ली दारावरच लोंबत ठेविली तर सरकार काय करणार?

आतां खर्चाचें. सिमवरील कॅमेऱ्याचें चित्र सेकंदास एक मेगाबिट या मध्यम वेगानें जरी पाहिलें, तरी तासास सुमारें 450 मेगाबाइट जातात. रोज दीड गिगाबाइटची योजना असेल तर सवातीन तासांत ती संपते. मग नेमक्या रात्रीं यंत्र आंधळें. म्हणून अखंड पाहत बसण्याचा नाद सोडावा, हालचाल झाली तरच कळवावें अशी योजना ठेवावी, आणि मुद्रण आंतील कार्डावर होऊं द्यावें. वीज गेल्यावर राउटरहि मरतो. त्यास लहानसा बॅटरीसंच हवाच. यंत्रांतील घड्याळ बरोबर लावलें आहे ना, हेंहि पाहावें. चोरीचा खटला उभा राहिल्यास 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणें अशा मुद्रणासोबत प्रमाणपत्र जोडावें लागतें. त्या मुद्रणावर 2019 सालची तारीख उमटलेली असेल तर आरोपीच्या वकिलास आयतेंच साधन मिळतें.

पण आमच्या भागांत चोराहून मोठी चिंता वाघ-बिबट्याची. वडसा, भंडारा व ब्रह्मपुरी भागांत मिळून 13 माणसांचा बळी घेतलेला वाघ ऑक्टोबर 2022 मध्यें वडशाच्या जंगलांत पकडला गेला, तोंवर रोवणी-कापणीच्या दिवसांत बांधींत उतरतांना काय वाटत होतें हें येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. अशा ठिकाणीं दूरच्या डोळ्याचा उपयोग किती? मागील हिंवाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांच्या गोठ्याशीं रात्रीं बिबट्या आला. नागपुरास मुलानें तो मोबाइलवर स्पष्ट पाहिला व घाबरून वडिलांस फोन केला. वडिलांचा फोन आंतल्या खोलींत विजेस लावलेला. शेळ्या ओरडल्या म्हणून ते कंदील घेऊन दाराबाहेर पडलेलेच होते. मुलगा आपल्या बापास बिबट्याच्या दिशेनें चालतांना तेथून पाहत होता, आणि ओरडून कांहीं उपयोग नव्हता. दैव बलवत्तर म्हणून जनावर एक शेळी घेऊन कुंपणावरून गेलें. त्या कॅमेऱ्यास बोलण्याचा कर्णा होता. पण तो कसा चालवावा हें त्या मुलास कोणीं दाखविलेंच नव्हतें.

याच्या उलट उदाहरण ताडोबाच्या मोहर्ली भागांतील सीतारामपेठ या गांवाचें. तेथें 2023 सालीं वनखात्यानें गांवाच्या कडेस कॅमेरे बसविले. वाघ वा बिबट्या समोर आला कीं यंत्र तो ओळखतें, वनकर्मचाऱ्यांस निरोप जातो, आणि त्याचवेळीं गांवांत भोंगा वाजतो. त्या व्यवस्थेंतील खरें शहाणपण आमच्या मतें त्या भोंग्यांत आहे. जो धोक्याजवळ उभा आहे त्याच्या कानीं प्रथम पडावें, दूरच्यास मागाहून कळलें तरी चालेल. म्हणून घरचा कॅमेरा घेणाऱ्यानेंहि कर्णा व भोंगा असलेलाच घ्यावा, आणि शेजारच्या दोन घरांचे क्रमांक मुलाजवळ द्यावे. शेजाऱ्याची न्हाणी मात्र चित्रांत येतां कामा नये. येत असेल तर तोंड फिरवावें, हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, पण कॅमेऱ्यावरून झालेलीं दोन भांडणें आमच्या कानीं आलेलीं आहेत.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. संस्थेच्या सभासदांनीं कॅमेरा घेतांना दुकानदाराकडून ताबेपावती घ्यावी. यंत्राची नोंदणी कोणाच्या क्रमांकावर आहे, कारखान्याचा पासवर्ड बदलून नवा मालकानें स्वतः घातला काय, दुकानदाराचा प्रवेश काढला काय, आणि राउटरमध्यें द्वार उघडें ठेविलें आहे काय, हें तींत लिहून दोघांनीं सही करावी. नवा पासवर्ड तींत लिहूं नये, आणि यंत्राच्या पोटावरील चौकटीच्या खुणेचें चित्र कोणास पाठवूं नये. पुष्कळ कंपन्यांच्या यंत्रांत ती खूणच नोंदणीचा पहिला दाखला असतो. जे दुकानदार प्रामाणिक आहेत त्यांस अशी पावती देण्यांत अडचण नाहीं. आमचा तो मुलगाहि प्रथम हंसला, पण मग त्यानें आपल्या दुकानाच्या नांवानें अशीं कोरीं पानें छापून घेतलीं.

पावतीचा मसुदा आम्हीं संस्थेच्या कचेरींत ठेविला आहे. ज्यांचे कॅमेरे पूर्वींच बसलेले आहेत त्यांनीं येत्या रविवारीं मोबाइल घेऊन यावें. आमचे चिरंजीव सुटीवर घरीं आहेत, ते पाहून देतील.