नाक जसे आहे तसे



गेल्या उन्हाळ्यात आम्ही वाशीम जिल्ह्यातील मालेगावला एका नातलगाकडे दोन दिवस मुक्कामाला होतो. बैठकीच्या भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर, शेजारी माता रमाई, आणि खाली घरातील आजोबांचा हार घातलेला फोटो. या आजोबांना आम्ही चांगले ओळखत होतो. उन्हातान्हात राबलेला सावळा माणूस. रुंद नाक, जाड खालचा ओठ, जखमेने मधोमध तुटलेली उजवी भुवई. चौकटीत मात्र कोणी गोरा, सरळ नाकाचा गृहस्थ बसलेला! चौकशी केली तेव्हा कळले की, आजोबांनी हयातीत कधी फोटो काढून घेतला नव्हता. ते गेल्यावर मतदार ओळखपत्रावरचा पुसट चेहरा फोटोवाल्याकडून मोठा करून घेतला. त्याने आपल्या परीने हात फिरवला व आजोबांना 'सुधारून' दिले. भुवईसुद्धा जोडून टाकली. आजी म्हणाल्या, "ह्यायले मी वळखत नाही. पन हार घालतो रोज."

त्या घरातली नववीतली नात चित्रे काढते. आजोबांचे झाले तसे आजीचे होऊ द्यायचे नाही, असे तिच्या मनाने घेतले होते. आम्ही पोहोचलो त्या दिवशी तिने आजीचे पहिले चित्र पुरे केले होते. आजीने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "हे मी नोहो वं. हे त कॅलेंडरवरची बाई हाये. माहं नाक कुठी गेलं?"

पोरगी रडकुंडीला आली. फोटोवाल्याने जे केले तेच आपल्या हातून झाले, हे तिला आजीच्या एका प्रश्नाने कळले. आम्ही तिची वही चाळली. घागर, केळी, पितळी तांब्या, सगळे नेटके होते. ती एलिमेंटरीची तयारी करते. कला संचालनालयाच्या या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. समोर माणूस बसवून त्याचा चेहरा काढा, असा पेपर नाही. म्हणजे तांब्या शाळेत शिकायचा आणि माणसाचे तोंड आपले आपण, कॅलेंडर पाहून! कॅलेंडरवाल्यांची सगळी तोंडे एकाच साच्यातली. पोरे ती गिरवतात, हाताला त्याच नाकाची सवय लागते, मग समोर सख्खी आजी बसली तरी हात तेच नाक काढतो.

आम्ही तरुणपणी जयंतीच्या मिरवणुकीसाठी बाबासाहेबांची चित्रे रंगवली आहेत. फोटोवर चौकोन आखायचे, कापडावर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि एकेक घर उतरवत जायचे. या पद्धतीने चेहरा जुळतो, हे खरे. पण डोळा पाहायला शिकत नाही, कारण आपण चेहरा पाहतच नाही, घरे मोजतो. म्हणून पोरीला चौकोन टाकू दिले नाहीत. आजीला दाराजवळ, एका बाजूने उजेड येईल अशी बसवली आणि पेन्सिलने मापे घ्यायला सांगितले. हात सरळ ताणायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून लांबी पकडायची.

पहिलेच माप घेताच ती चकित झाली. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात! टाळूपासून डोळ्यांपर्यंत जेवढे अंतर, जवळपास तेवढेच डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. कपाळ आपल्याला महत्त्वाचे वाटत नाही, म्हणून नवशिका डोळे वर चढवतो आणि डोके चपटे करतो. दोन डोळ्यांच्या मधे साधारण एका डोळ्याची जागा असते. कान भुवईच्या रेषेपासून नाकाच्या बुडापर्यंत. भुवई ते नाकाचे बूड आणि नाकाचे बूड ते हनुवटी ही अंतरे सारखी, असे पुस्तके सांगतात. पण आजीच्या बाबतीत हा नियम मोडला. दात पडलेले, जबडा आत बसलेला, त्यामुळे खालचा भाग आखूड. आणि वयाने कानाच्या पाळ्या लोंबून नाकाच्याही खाली आलेल्या. पोरगी म्हणाली, "मग नियम कशाला शिकायचे?" आम्ही म्हटले, तुझी आजी नियमापासून किती आणि कुठे वेगळी आहे, ते कळायला. त्या वेगळेपणालाच आपण चेहरा म्हणतो.

आता नाकाबद्दल. ही गोष्ट आमच्या समाजाला निव्वळ चित्रकलेची नाही. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले याने माणसांची नाके मोजवली होती. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे आणि येणाऱ्या आकड्यावरून माणसाचा वंश ठरवायचा. जितके नाक रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत! बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात त्याच मोजमापांचा आधार घेतला. डॉ. घुर्ये यांनी प्रांतवार मांडलेले आकडे तपासून त्यांनी दाखवून दिले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे काही वेगवेगळ्या वंशांचे नाहीत. रिस्लेचा सिद्धांत कोसळला, पण कॅलेंडरातले नाक गेले नाही. बसके नाक म्हणजे गावंढळ, सावळा रंग म्हणजे गरिबी, हे आपल्या घरातही लग्नाच्या बैठकीत ऐकू येतेच की!

चित्रात नाक काढायचे तर रेघेने काढू नये, हे आम्ही पोरीला सांगितले. समोरून पाहिले तर नाकाला कडा नसते. असते ती सावली. नाकपुड्यांची दोन गडद छिद्रे, बुडाखालची पडछाया, एका बाजूचा उतार आणि शेंड्यावरचा उजेडाचा ठिपका, बस. सावळ्या चेहऱ्याला तर हे जास्तच लागू. नवशिके एक तर कागद कोराच ठेवतात किंवा सगळे तोंड सारखेच काळे करतात. खरे पाहता सावळ्या कातडीवर उजेड फार सुंदर चकाकतो. कपाळ, गालाचे हाड, नाकाचा शेंडा येथे कागद जवळजवळ तसाच सोडायचा आणि बाकी २बी, मग ४बी, असे थर चढवत जायचे. डोळ्याचा पांढरा भागही पांढरा नसतो, वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. उजेड वरून येतो, म्हणून वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद. दोन ओठांमधली रेघ सर्वांत काळी, पण तीही एकसारखी नाही.

दुपारच्या चहाला आम्ही तिला अजिंठ्याची गोष्ट सांगितली. मालेगाववाल्यांना ती मुद्दाम सांगावी अशी आहे. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात ते लेणे करवणाऱ्या वराहदेवाचे नाव आहे. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. आणि हरिषेण ज्या शाखेचा, तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले शेजारचे वाशीम! १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे विद्यार्थी ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखाली अजिंठ्याला जाऊन भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करीत होते. चेहरा शिकायला त्यांना भिक्खूंच्या लेण्यात बसावे लागले. पहिल्या लेण्यात पद्मपाणीजवळ सावळ्या वर्णाची एक स्त्री आहे. दागिने ल्यालेली, डौलदार. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चितारीला सावळा रंग उजळून घ्यावासा वाटला नाही. आजी मधेच म्हणाल्या, "मंग त्याले कॅलेंडर भेटलं नसन."

दुसरे चित्र फाटले. रबर मारून मारून नाकाच्या जागी कागद उसवला. आमच्या मते ती चांगली खूण होती. हात जुने नाक विसरू पाहत होता. तिसऱ्या चित्राला दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बसली. आजी मधूनच डुलकी घेत, मान कलली की पोरगी ओरडे, "आजी, हालू नको नं!" भाकरी टाकायची वेळ झाली, सून दोनदा डोकावून गेली. रुंद नाक, त्याच्या दोन्ही बाजूंनी हनुवटीकडे उतरलेल्या सुरकुत्या, आत गेलेले ओठ, थोडासा अधिक मिटलेला डावा डोळा. हळूहळू कागदावर एक ओळखीची बाई दिसू लागली.

दहाच्या सुमाराला तिने वही आजीच्या मांडीवर ठेवली. आजींनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिले. मग कपाळाच्या मधोमध बोट टेकवून म्हणाल्या, "गोंदन राह्यलं."

नातीने वही ओढून घेतली आणि पेन्सिलीला टोक काढायला बसली.