मैदान, वेळापत्रक आणि न्याय

फुटबॉलचा सामना पाहून परतणाऱ्या मंडळींच्या तोंडीं गोल करणाराचें नांव असतें. एखादा रसिक गोलरक्षकाचीहि वाहवा करतो. परंतु आज, या वेळीं, याच मैदानावर, याच दोन संघांनीं समोरासमोर यावें हें कोणी व कशाच्या आधारें ठरविलें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. माझ्या मतें हौशी खेळांत न्यायान्यायाचा पहिला निवाडा पंचाच्या शिटीनें होत नाहीं. तो कित्येक आठवडे आधीं वेळापत्रकाच्या कागदावर होऊन गेलेला असतो.

ठरलेल्या वेळापत्रकाचें महत्त्व ज्यानें ओळखलें, तो विल्यम मॅक्ग्रेगर हा बर्मिंगहॅमचा एक कापड-व्यापारी. ॲस्टन व्हिला क्लबाच्या कारभारांत तो होता. त्या काळीं क्लब आपापसांत पत्रव्यवहार करून सामने ठरवीत, आणि मध्येंच चषकाचा सामना आला म्हणजे ते खुशाल रद्द करीत. जमलेले प्रेक्षक निराश होऊन परतत. २ मार्च १८८८ रोजीं मॅक्ग्रेगरनें कांहीं क्लबांना पत्र लिहून सुचविलें कीं, ठराविक क्लबांनीं दरसाल परस्परांशीं दोन दोन सामने खेळावे, एक आपल्या मैदानावर व एक दुसऱ्याच्या. त्याच वर्षीं ८ सप्टेंबरला बारा क्लबांची लीग सुरू झाली: प्रत्येकाचे २२, एकूण १३२ सामने. त्या लीगला तिकिटांच्या उत्पन्नाचा धाक होता. पुढें १९०५ सालीं लंडनच्या परिसरांत निघालेल्या इस्थमियन लीगनें हौशी संघांसाठीं पदकहि ठेविलें नाहीं. ‘मान पुरेसा आहे’ या अर्थाचें लॅटिन वचन हेंच तिचें ब्रीद. जेथें मान हेंच बक्षीस, तेथें दिलेल्या शब्दावांचून दुसरें बंधन तें कोणतें?

वेळापत्रकाचें गणित अवघड नाहीं. आठ संघांनीं एकमेकांशीं एकदां खेळावयाचें तर २८ सामने होतात, म्हणजे चार चार सामन्यांच्या सात फेऱ्या. १ ते ८ हे आंकडे दोन ओळींत समोरासमोर मांडावे. एक आंकडा जागीं स्थिर ठेवून बाकीचे सात दर फेरीस एकेक घर पुढें सरकवावे. सात फेऱ्यांत सर्वांची सर्वांशीं गांठ पडते व एकहि जोडी पुन्हा येत नाहीं. संघ विषम असल्यास एक रिकामें घर धरावें. त्याच्याशीं ज्याची गांठ, त्यास त्या फेरींत विश्रांति. विद्यार्थ्यांनीं हें वहींत करून पाहावें.

परंतु कागदावर आंकडे सरकतात तसें मैदान सरकत नाहीं. नियमाप्रमाणें मैदान ९० ते १२० मीटर लांब व ४५ ते ९० मीटर रुंद लागतें. लंडनच्या हॅक्नी मार्शेस या विस्तीर्ण कुरणावर एके काळीं शंभराहून अधिक मैदानें आंखलेलीं असत. हें भाग्य आपलें नाहीं. कोल्हापुरासारख्या फुटबॉलवेड्या शहरांतहि पेठापेठांच्या तालीम मंडळांचे डोळे एका शाहू स्टेडियमकडे लागलेले असतात. एकच मैदान व दर शनिवारीं दोन सामने धरले, तर आपल्या २८ सामन्यांना १४ शनिवार हवेत. त्यांत पावसाचा एकहि दिवस धरलेला नाहीं. आणि जेथें जागा थोडी, तेथें वशिल्याला वाव फार.

वेळेच्या क्रमानेंहि कसा अन्याय होतो, हें १९८२ च्या विश्वचषकांत जगानें पाहिलें. अल्जीरियाचा गटांतील शेवटचा सामना आदल्या दिवशीं संपला होता. २५ जून रोजीं स्पेनमधील हिखोन येथें पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया मैदानांत उतरले, तेव्हां जर्मनी एक वा दोन गोलांनीं जिंकल्यास आपण दोघेहि पुढें जातों, हें उभयतांस ठाऊक होतें. दहाव्या मिनिटाला जर्मनीनें गोल केला. पुढें बहुतेक वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरत राहिला, आणि अल्जीरिया स्पर्धेबाहेर गेला. १९८६ पासून विश्वचषकांत प्रत्येक गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळीं होऊं लागले.

मी हें लिहितों तें साधुत्वाच्या अभिमानानें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं एका लहानशा हौशी स्पर्धेचा मी चिटणीस होतों. शेवटच्या फेरींत एका वजनदार क्लबाच्या विनंतीवरून मीं एक सामना शनिवारऐवजीं सोमवारीं दुपारीं चारला ठेविला. त्यांचा प्रतिस्पर्धी संघ दुकानांत व कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांचा होता. त्यांना मीं विचारलें नाहीं, नुसतें कळविलें. तो संघ यादींत तळाशीं होता. त्याचें काय बिघडणार, असें मला वाटलें. चारला पांचच जण आले. पंचानें नियमाप्रमाणें वाट पाहिली व समोरच्या संघास विजयी ठरविलें. पांच वाजतां उरलेलीं मुलें कापडी पिशव्यांत बूट घेऊन धांवत आलीं, तेव्हां गोलांच्या जाळ्या निघत होत्या. त्यांच्यापैकीं एकानें मला एवढेंच विचारलें, “सर, आमचा सामना नव्हता का?” त्या न खेळलेल्या सामन्याच्या गुणांवर अजिंक्यपद ठरलें. नियम एकहि मोडला नव्हता, आणि तरी मला त्या मुलाकडे पाहवेना.

म्हणून माझें मत असें कीं, हौशी स्पर्धेच्या चालकांनीं चार गोष्टी पाळाव्या. संघांचे क्रमांक सर्वांदेखत चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चांगलें मैदान व सोईची वेळ पाळीपाळीनें सर्वांस द्यावी. पावसानें राहिलेले सामने शेवटच्या फेरीपूर्वीं उरकावे, आणि ती फेरी शक्य तर एकाच वेळीं खेळवावी. एकदां जाहीर केलेला दिवस दोन्ही संघांच्या संमतीवांचून बदलूं नये, मग मागणारा कितीहि मोठा असो.

खेळाडूंचेंहि कर्तव्य आहे. हरण्याची खात्री आहे म्हणून शेवटच्या सामन्यास न जाणें, हें प्रतिस्पर्ध्याचा व त्रयस्थ संघाचाहि हक्क बुडविणें होय. पालकांना विनंति अशी कीं, मुलगा सात गोलांनीं हरून आला तरी, “वेळेवर गेला होतास ना?” हें त्याला प्रथम विचारावें. तळाच्या संघाचा सामना हाहि सामनाच आहे. तो जेथें जपला जातो, तेथेंच अजिंक्यपदाला किंमत येते.