यकृताचा विकार आणि रोग्याची ऐपत

यकृताचा विकार म्हटला की आपल्या समाजाच्या मनात प्रथम येतो तो दारूचा प्याला. रोग्याविषयी सहानुभूती वाटण्याऐवजी त्याच्या चारित्र्याचा हिशेब मांडला जातो. वस्तुतः मद्य हे यकृत निकामी होण्याचे एक मोठे कारण असले तरी ते एकमेव नव्हे. हेपॅटायटिस बी व सी या विषाणूंचा वर्षानुवर्षे चालणारा संसर्ग आणि मधुमेह व स्थूलता यांच्या सोबतीने यकृतात साठणारी चरबी ही कारणेही तितकीच गंभीर आहेत. कारण कोणतेही असो, त्यातून कोण वाचतो आणि कोण दगावतो हे ठरविण्यात रोगाइतकाच रोग्याच्या ऐपतीचाही हात असतो.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली मानवी यकृतरोपणाचा पहिला प्रयत्न केला तो त्या देशात. पुढे हे शास्त्र प्रगत झाले, पण यकृत कोणाला मिळावे हा प्रश्न कायम राहिला. प्रतीक्षायादीतील कृष्णवर्णीय रोगी गौरवर्णीयांच्या तुलनेत अधिक प्रमाणात यकृताची वाट पाहतानाच दगावत किंवा शस्त्रक्रियेच्या पलीकडे जात. २००२ साली तेथे रक्ताच्या तीन तपासण्यांवरून आजाराची तीव्रता मोजणारी गुणपद्धती लागू झाली आणि यादीतील हा वर्णभेद पुष्कळसा ओसरला. मात्र स्त्रियांचे स्नायू तुलनेने कमी असल्याने त्यांचे क्रिएटिनिन कमी भरते आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. ही उणीव भरून काढण्यास २०२३ साल उजाडावे लागले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, यादीत नाव लागलेल्यांना न्याय मिळाला तरी ज्यांचे नाव यादीपर्यंत पोहोचलेच नाही त्यांना ही पद्धती काही देऊ शकली नाही.

आपल्याकडे वर्णाची नोंद होत नाही. परंतु यादीचे दार येथेही तितकेच अरुंद आहे. मुंबईहून निघालेली लोकल खाडी ओलांडते आणि नायगाव येते. पश्चिमेस कोळी व ख्रिस्ती वस्त्या आणि मिठागरे, पूर्वेस जूचंद्रसारखे जुने गाव आणि त्याच्या आसपास उभी राहिलेली नव्या इमारतींची गर्दी. मुंबईत घर परवडत नाही म्हणून येथे आलेला कारकून, कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक पहाटेची गाडी धरतो आणि रात्री परततो. सरकारी बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळी चालतो, म्हणजे नेमका हा माणूस कामावर असताना. यकृतविकाराचा तज्ज्ञ हवा तर परळच्या केईएमसारखे मुंबईतील रुग्णालय गाठावे लागते. रोजंदारीवरच्या माणसाला अशी एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एका फेरीत निदान क्वचितच होते. मग जवळ असते ते केले जाते. काविळीची माळ घातली जाते, कोणी नाकात पाल्याचा रस पिळतो. याला केवळ अंधश्रद्धा म्हणून हिणवणे सोपे आहे. पण ही माळ स्वस्त असते, शेजारी मिळते आणि तिच्यासाठी रजा पडत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

यकृताचा स्वभाव या दिरंगाईला पोषक आहे. बराचसा भाग निकामी झाला तरी ते मुकाट्याने काम करीत राहते. पोटात पाणी साठते, रक्ताची उलटी होते, रोगी भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, तेव्हा कोठे घरच्यांना कळते. आणि तोवर बहुधा रोपणाखेरीज मार्ग उरलेला नसतो. खासगी रुग्णालयात त्याचा खर्च सर्वसाधारणपणे वीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातो. मेंदू मृत झालेल्या दात्यांची संख्या तुटपुंजी असल्याने आपल्या देशातील बहुतेक यकृते जिवंत नातलगांकडून येतात, आणि देणाऱ्यांत स्त्रिया अधिक तर घेणाऱ्यांत पुरुष अधिक, असे चित्र दिसते. विषमतेची ही दुसरी घडी घराच्या आतली आहे.

शासनाने काहीच केले नाही असे मात्र नाही. हेपॅटायटिस बी ची लस २०११ पासून देशभरच्या बालकांना दिली जाते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी व सी या दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हेपॅटायटिस सी तर सुमारे १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या बाबतीत समूळ बरा होतो. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे छत्र पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. परंतु अशी योजना प्रामुख्याने उपयोगी पडते ती रोगी रुग्णालयात दाखल झाल्यावर. ज्याला आपण रोगी आहोत हेच ठाऊक नाही, त्याला मोफत गोळीचा आणि विम्याच्या पत्राचा काय उपयोग?

यावर असे म्हटले जाते की, लोकांनीच आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी, मद्य सोडावे, वेळीच तपासून घ्यावे. उपदेश चुकीचा नाही. पण उपदेश पाळण्याची सोय नसेल तर तो पोकळ ठरतो. सायंकाळी चालणाऱ्या दवाखान्याची कल्पना राज्याने 'आपला दवाखाना' या रूपाने २०२३ मध्ये स्वीकारलीच आहे. नायगावसारख्या स्थानकांलगत अशा दवाखान्यांत बी व सी ची तपासणी आणि साधी यकृतचाचणी झाली पाहिजे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर घरी जन्मणाऱ्या बालकालाही २४ तासांच्या आत लस पोहोचली पाहिजे. व्यसनमुक्तीचा सल्ला पोलिसी दरडावणीने नव्हे तर उपचार म्हणून त्याच दवाखान्यात मिळाला पाहिजे.

यात खर्च आहे. पण एका रोपणाच्या पैशात किती जणांची तपासणी होईल याचा हिशेब कोणत्याही कारकुनाला कागदाच्या तुकड्यावर मांडता येईल. लाखो रुपयांच्या शस्त्रक्रियेचे कौतुक करणाऱ्या समाजाने पहिल्या साध्या रक्ततपासणीची व्यवस्था करू नये, ही विसंगती फार काळ शोभणारी नाही. न्याय यादीत नाव लागल्यावर सुरू होत नाही. तो त्या यादीकडे जाणाऱ्या वाटेवर, रेल्वे स्थानकाजवळच्या दवाखान्यातच सुरू व्हावा लागतो.