गव्हाणीतले बाळ आणि आपली निजण्याची वेळ

मार्गशीर्षातील गुरुवारची व्रते होतात, दत्तजन्माचा पाळणा हलतो, आणि त्याच सुमारास शहरातील दुकानांच्या दर्शनी कपाटांत लाल टोपीचा, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा येऊन उभा राहतो. शाळेतून मुले त्याची चित्रे रंगवून घरी आणतात. पाठोपाठ नाताळच्या गोष्टींची सचित्र पुस्तकेही येतात आणि रात्री अंथरुणात शिरल्यावर ती वाचून दाखविण्याचा हट्ट सुरू होतो. अशा वेळी देवघरात नित्य नंदादीप तेवणाऱ्या घराने काय करावे, हा प्रश्न लहान वाटला तरी लहान नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरी असेच एक पुस्तक आले. आमच्या मातोश्रींनी ते हाती घेऊन चाळले आणि बाजूस ठेवले. त्या म्हणाल्या, "अरे, शुभंकरोती झाल्यावर हे कशाला? निजताना मुलाच्या कानावर जे पडते, तेच मनात मुरते." त्यांचे म्हणणे आम्हांस खोडून काढता आले नाही. आजही आम्ही ते खोडून काढू इच्छीत नाही. या भीतीला इतिहासाचा आधार आहे. गोव्यात इ. स. १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड वगळता, धर्मन्यायालयाचा वरवंटा फिरला. त्याआधीच देवळे पडू लागली होती आणि अनेक कुटुंबे आपल्या कुलदेवता उराशी धरून नदीपलीकडे गेली. आमच्या कोकणातील कित्येक घरांच्या कुळकथा तेथूनच सुरू होतात. ज्यांच्या पूर्वजांनी हे सोसले, त्यांच्या सावधपणास कोणी संकुचितपणा म्हणू नये.

परंतु त्याच भूमीत आणखी एक गोष्ट घडली. इ. स. १५७९ मध्ये फादर स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यास आला. तो मराठी शिकला आणि इ. स. १६१६ मध्ये त्याने रायतूर येथे 'क्रिस्तपुराण' छापले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ. तो का लिहिला गेला, हे त्या ग्रंथातच आले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या मंडळींनी पाद्र्यापुढे गाऱ्हाणे मांडले, की आमची पूर्वीची पुराणे सुटली. आता त्यांच्या जागी आम्हांस काही तरी द्या. धर्म बदलला, तरी पुराण ऐकण्याची भूक बदलली नाही! आणि ती भागविण्यासाठी त्या परदेशी माणसाला आमच्या संतांची ओवीच उसनी घ्यावी लागली. कथेवाचून मनुष्य राहू शकत नाही, हे सांगण्यास याहून मोठी साक्ष कोणती हवी?

आता आमच्या घरातील पुस्तकाकडे वळू. अखेर कन्येच्या हट्टापुढे आम्ही हार मानली आणि वाचावयास बसलो. मातोश्री शेजारच्या खाटेवर माळ ओढीत होत्या. मरियेला दिवस भरले आहेत, धर्मशाळेत जागा नाही, बाळाला बाळंत्यात गुंडाळून गुरांच्या गव्हाणीत निजविले आहे, हे वाचून झाले. पुढे दुष्ट राजा हेरोद आला. बेथलेहेमातील दोन वर्षांच्या आतील मुलगे मारून टाका, अशी त्याची आज्ञा. कन्या ताडकन उठून बसली. "म्हणजे कंसासारखा?" तिने विचारले. माळ थांबली. मातोश्री म्हणाल्या, "हो बाळ, कंसासारखाच. ज्याला गादीची भीती, त्याला तान्ह्या लेकराचीही भीती." आणि मग त्यांनीच बंदिशाळा, मुसळधार पाऊस, यमुनेचा पूर आणि वसुदेवाच्या डोक्यावरची पाटी अशी सारी कथा सांगितली. पुस्तक आमच्या मांडीवर उघडेच राहिले.

दुसऱ्या रात्री मात्र नवल घडले. मातोश्रींनीच विचारले, "त्या गव्हाणीतल्या बाळाचे पुढे काय झाले रे?" आमचे पुस्तक तर तारा, मेंढपाळ आणि पुढच्या पानावरील भेटवस्तूंचे गाठोडे यांवरच संपत होते. आम्हांस शुभवर्तमान काढून पाहावे लागले. योसेफाने रातोरात बाळ आणि बाळंतीण घेऊन मिसर देश गाठला आणि हेरोद मेल्यावरच ते कुटुंब परतून नासरेथास राहिले. ते ऐकून मातोश्री एवढेच म्हणाल्या, "बाळंतिणीचे फार हाल झाले हो."

त्या एका वाक्याने आमचे मत निश्चित झाले. नाताळची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. मात्र ती पुरती सांगावी. लाल टोपीचा म्हातारा हा चौथ्या शतकातील मायरा येथील संत निकोलस यांच्या दातृत्वाच्या कथांतून पुढे आलेला. त्याच्या पोतडीपाशीच थांबलो, तर मुलांच्या हाती केवळ मागण्यांची यादी राहील. जागा नाकारली गेलेली एक गर्भवती, परमुलखात जीव वाचविणारे एक कुटुंब आणि सर्वांआधी शुभवार्ता मिळालेले रानातले मेंढपाळ, हे या कथेचे खरे धन आहे.

चित्रांविषयीही थोडे सांगावयाचे आहे. विलायती पुस्तकांत बाळाचे केस सोनेरी असतात आणि सभोवती बर्फाचे ढीग असतात. म्हणून ही कथा परकी वाटते. गोव्यात इ. स. १९०२ मध्ये जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्ती आश्रमात राहिलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांनी मरियेला लुगडे नेसविले आणि आपल्याकडील आईसारखे रंगविले. त्याबद्दल त्यांना स्वकीयांचा रोषही पत्करावा लागला. अशी चित्रे मुलांना दाखविली, तर गोठा आणि गव्हाण आपल्या ओळखीची होतील.

एक सावधगिरी मात्र पाळावी. 'सगळे एकच' असे म्हणून दोन कथांची खिचडी करू नये. कृष्ण तो कृष्ण, येशू तो येशू. साम्य दिसले तर आनंद मानावा आणि भेद दिसला तर आदराने तो तसाच ठेवावा. गोव्यात नाताळला ख्रिस्ती घरांतून शेजारच्या हिंदू घरी नेवऱ्या जातात आणि चवथीला हिंदू घरांतून त्यांच्याकडे जातात. ताटे बदलतात, म्हणून देव्हारे बदलत नाहीत.

मातोश्रींचे पहिले वाक्य आम्ही विसरलेलो नाही. निजताना कानावर पडते, तेच मनात मुरते. पण आज कित्येक घरांत निजताना मुलांच्या कानावर काय पडते? हातातील यंत्रावरची चित्रे धावत असतात आणि आजी दुसऱ्या खोलीत एकटी असते. ज्या मुलाला ध्रुव, प्रल्हाद आणि चिलया ठाऊक नाहीत, त्याला बेथलेहेमच्या बाळापासून कसले भय? त्याचे घर आधीच रिकामे आहे. आणि ज्याला ते ठाऊक आहेत, तो परक्या राजातील कंस आपण होऊन ओळखतो.

म्हणून आमची विनंती इतकीच, की या नाताळात पुस्तक घरी आले तर ते कपाटावर टाकू नका. आजीच्या खाटेजवळ बसून वाचा, आणि ते मिटल्यावर आजीला म्हणा, "आता तुमची गोष्ट सांगा."